सात नंबर

कुंदन आज पहिल्यांदाच वेळेआधी आला होता. क्लबच्या बास्केटबॉल संघाचा शेवट त्याला पहिल्यापासून बघायचा होता.

एरवी तो मॅच सुरू झाल्यावरच गेटातून आत यायचा. आधीची दहा मिनिटं समोरच्या टपरीवर चहा घेत काढायचा, कारण त्या दहा मिनिटांत नावं पुकारली जात. टेबलावरून नाव आलं की खेळाडूने पुढे व्हायचं, कोर्टाच्या रेषेला हात लावून कपाळाला लावायचा आणि 'हजर' म्हणायचं, ही लीगची जुनी रीत. एकोणीस वर्षांपूर्वी फायनलच्या दिवशी कुंदन सात नंबरची जर्सी घालून असाच रांगेत उभा होता. त्याचं नाव आलंच नाही. कप्तान रवीने त्याच्या जागी आपल्या मेहुण्याला घेतलं होतं. एकाच कॉलनीत, एकाच रिंगखाली वाढलेला रवी, त्याच्याकडे न बघता म्हणाला, "तू बस. पुढच्या मॅचला बघू."

पुढची मॅच नव्हतीच. ती फायनल होती, दिंडोरीच्या संघाशी, आणि रवीचा संघ ती हरला.

तेव्हापासून कुंदन रवीशी एक शब्द बोलला नाही. पण मॅच मात्र एकही चुकवली नाही. सगळ्यात वरच्या पायरीवर तो बसायचा, आणि असा चाहता मिळायला नशीब लागतं असं लोक म्हणायचे. लोकांना काय माहीत! रवीचा चेंडू रिंगला लागून बाहेर पडला की कुंदनला आठवडाभर जेवण गोड लागायचं. "मॅच बघायला खेळायचे बूट कशाला लागतात हो?" त्याची बायको पल्लवी विचारायची. पायऱ्या तापतात, असं तो सांगायचा. नाशिकच्या डिसेंबरातसुद्धा हेच सांगायचा.

एक गोष्ट त्याला सगळ्यात जास्त टोचायची. रवीने सात नंबर नंतर कुणालाच दिला नव्हता. माणूस काढला तो काढला, वर त्याचा नंबरही गाडून टाकला, हे कुंदन विसरायला तयार नव्हता.

दिवाळीनंतर लीग सुरू झाली तेव्हा त्याची अपेक्षा माफक होती. संघ तळाला राहिला तरी खूप झालं. पण निम्मा हंगाम होईतो हे चार मॅच खेळून चारही हरले, आणि कुंदनची हाव वाढली. संघच बुडावा, असं त्याला वाटायला लागलं. आणि तसं घडायची वेळही आली होती. खेळाडू सगळे चाळिशीपार, जवळ गेलं की मलमाचा वास. क्लबच्या कमिटीने बजावून ठेवलं होतं, पाचवी हरलात तर संघ बंद, कोर्ट बॉक्स क्रिकेटवाल्यांना देऊन टाकू. आज पाचवी होती, आणि समोर पुन्हा दिंडोरीच. त्यांची विशीतली पोरं पाणी प्यायलाही पळत जात होती.

इकडे पाचच जण आले होते. पाचवा रवी, तोही नुसता आकडा भरायला. उजव्या गुडघ्याला पट्टी गुंडाळलेली. त्याचं नाव आलं तेव्हा त्याला रेषेपर्यंत वाकताही येईना. दहा मिनिटांत पडतोय हा, कुंदनने मनात हिशेब केला आणि मांडी घालून नीट बसला.

टेबलावर मोहिनी मॅडम होत्या. शाळेत पीटी शिकवायच्या आणि त्या फायनलनंतरच्या हंगामापासून लीगची यादी वाचायच्या. पाच नावं झाली. त्यांनी कागद जरा लांब धरला.

"सात नंबर. कुंदन सहादू पगारे."

कुंदनला वाटलं, दुसरा कुणीतरी असेल. पण सहादू त्याच्याच वडिलांचं नाव होतं.

"येतोय," खाली बघून पट्टी आवळत रवी म्हणाला.

"एकोणीस वर्षं तुम्ही 'येतोय'च म्हणताय, रवी सर. हा माणूस आहे तरी का?"

"आहे ना. बाहेर टपरीवर असतो. तुमची नावं वाचून झाली की आत येतो."

कुंदनचं डोकं सणकलं. एकोणीस वर्षं नाव यादीत, आणि एका शब्दाने सांगू नये? म्हणजे ज्या-ज्या हरण्यावर तो खूश होऊन घरी गेला, त्या प्रत्येक वेळी हरणाऱ्यांत तोही होता. नाव खोडा, आत्ताच्या आत्ता खोडा, हे सांगायलाच तो ताडताड पायऱ्या उतरला.

रवीने त्याला येताना पाहिलं. त्याने बॅगेच्या तळातून एक जर्सी काढली आणि पुढे धरली. सात नंबरची, धुऊन घडी घातलेली.

गाडून टाकलेला नंबर असा जपून ठेवलेला निघाला; कुंदनने घडी उलगडली. मग त्याने ती शर्टावरूनच चढवली. पोटावर अडकली, ती ओढून खाली घेतली. वाकला, रेषेला हात लावला, कपाळाला लावला.

"हजर."

मोहिनी मॅडमनी चष्मा वर करून त्याला पाहिलं आणि नावापुढे खूण केली.

रवीचा चेहरा एकदम उजळला. "आता सहा झालो रे," असं म्हणत तो गुडघ्यावर हात टेकून उठायला लागला. कुंदनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला परत बाकावर दाबलं. हे वाक्य त्याने एकोणीस वर्षं सांभाळून ठेवलं होतं.

"तू बस," तो म्हणाला. "पुढच्या मॅचला बघू."