सागरध्यान

मुलाला वसतिगृहात ठेवायला आलेला बाप गाडीची किल्ली या हातातून त्या हातात करत होता. तो स्वतः इथलाच माजी विद्यार्थी, पण मुख्याध्यापक त्यालाच शाळेचा इतिहास ऐकवत होते.

"दर रविवारी मुलं धक्क्यावर ओळीनं उभी राहून समुद्राकडे बघतात. सागरध्यान! संस्थापकांची दूरदृष्टी हो. एकाग्रता काय वाढते म्हणून सांगू!"

बापाला बसवेना. मुलाला घेऊन तो धक्क्यावर आला. पोरं खरंच ओळीनं उभी होती, हूं नाही की चूं नाही.

"बाबा, हे काय बघतायत?"

"काही नाही रे. आमच्या वेळी आई-बाबा रविवारी लाँचनं भेटायला यायचे. लाँच दिसेपर्यंत आम्ही असे उभे राहायचो. कधीकधी अंधार पडेपर्यंत."

"आता कधी येते लाँच?"

"छे, ती केव्हाच बंद झाली. आता मागून रस्ता आहे, गाडी थेट गेटपर्यंत येते." बापानं उगाच घड्याळ पाहिलं. "चल, निघतो मी. पुढच्या रविवारी येतोच."

पोरगा मुकाट्यानं ओळीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. मग मान वळवून त्यानं विचारलं,



"बाबा, मी गेटकडे तोंड करून उभा राहिलो तर सर रागावतील?"