तीन महिन्यांची शिकवणी

सिनेतारका मायरा संभाजीनगरच्या मॉलमध्ये लाडंलाडं सांगत होती, "मी लंडनला वाढले. पण या सिनेमासाठी मराठवाड्याची बोली तीन महिने शिकवणी लावून शिकले हं!" आणि बाईसाहेबांनी मान वेळावत संवाद फेकला, "काय करायलीस, माय?"

लोकांनी येड्यागत टाळ्या पिटल्या.

निवेदकानं पहिल्या रांगेतल्या, चितेगावहून आलेल्या मनकर्णाबाईंपुढं माईक धरला. "आजी, जमली का हिला तुमची बोली?"

"न जमायला काय झालं? अकराव्या महिन्यात माझ्याच मांडीवर बोलायला लागली व्हती."

मग पदर खोचून त्या स्टेजकडं वळल्या. "करुणे, बारा वर्षांत पहिल्यांदा इचारलंस, माय काय करायली म्हणून. ते बी पाठ करून!"