चांदणं

होणारा जावई बाकावर टेकतो न टेकतो, तोच वडिलांनी त्याची हनुवटी धरून डोकं खिडकीकडे वळवलं आणि कपाळावरची पांढरी बट दोन बोटांत उचलली.

"जन्मापासून?"

"हो. आईलाही आहे."

"खाण तशी माती," म्हणत वडिलांनी बट सोडून दिली.

तो हसला. लेकीला हसू येईना. तिच्याही कपाळावर अगदी तशीच बट होती. आज बाबांना सगळं सांगायचं आणि याच्याबरोबर निघायचं, असं ठरवून ती उभी होती.

खोलीभर पिंजरे होते. प्रत्येकात गिनीपिग, करड्या अंगावर पांढरे केस मीठ भुरभुरावं तसे पसरलेले. या रंगाला वडील 'चांदणं' म्हणत. त्यापायी त्यांनी उभा जन्म घालवला होता. लेकीचा वाढदिवस विसरतील, पण कुठल्या मादीची पणजी कोण, हे झोपेतून उठवलं तरी सांगतील!

"नियम एकच," ते जावयाला म्हणाले. "चांदण्याला चांदणं द्यायचं नाही. जोडीतलं एक साधं हवं."

"का? दोन्ही तशीच असली तर दुधात साखर की!"

वडिलांनी लेकीकडे पाहिलं. "दाखव त्याला."

तिनं कोपऱ्यातल्या खोक्यातून एक पिल्लू ओंजळीत घेतलं. पांढरंशुभ्र. डोळ्यांच्या जागी नुसती कातडी. ती ड्रॉपरनं त्याला भरवू लागली, कारण त्याला दातही नव्हते. जावयाचं हसू मावळलं.

"एकदा मला मोह झाला," वडील म्हणाले. "दोन्ही चांदणी घेतली. चारातलं एक असं निघालं. मी टाकणार होतो, हिनं टाकू दिलं नाही."

"त्यालाही भूक लागते, बाबा."

"लागू दे ना. आता मलाच बघायचंय, कसं वाढतं ते."

बोलता बोलता त्यांनी एक पोटुशी मादी पिंजऱ्यातून दोन्ही हातांनी अलगद उचलली आणि रिकाम्या पिंजऱ्यात मऊ गवतावर ठेवली.

"हिचा नर आता बाजूला काढायचा. हिला एकटीला ठेवायचं." मग पिंजऱ्याशी वाकून हळूच म्हणाले, "घाबरू नको, राणी. पहिल्या खेपेला सगळ्याच घाबरतात."

त्यांनी जावयाला अंगणातल्या नळावर हात धुवायला पाठवलं. तो बाहेर पडताच अंगणाचं दार लावून आतून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

लेकीचा एक हात कधीचा पोटावर होता. तिनं तो काढला, पण उशीर झाला होता.

"बाबा, मी आज सांगणारच होते..."

"मला सांगायला लागतं होय?"

तेव्हा कुठे तिला बाकाखालची धुतलेली चादर दिसली. उशी. पाण्याची भरलेली बाटली. ती घरात जायच्या दाराकडे धावली, तोवर वडील त्या दारातून बाहेर पडले होते. पलीकडून कडी लागली. अंगणातून तो दार वाजवू लागला. तिच्या हातातलं आंधळं पिल्लू मान उचलून शीळ घालू लागलं.

"घाबरू नको, राणी," दारापलीकडून तोच मऊ आवाज आला. "पहिल्या खेपेला सगळ्याच घाबरतात."