सात-दहाचा आकडा

सौसरजवळ भूपेंद्रची संत्र्याची बाग होती. जानेवारीभर तिथलं तापमान टिपायचं म्हणून त्यानं बागेत खांबावर सेन्सर बसवला. आकडे घरातल्या भिंतीवरच्या डब्यावर उमटत: वर बागेतला, खाली घरातला.

सकाळी थंडी आठ-नऊ अंशांची असे. पण रोज सात वाजून दहा मिनिटांनी आकडा साडेछत्तीसवर चढे, पाच मिनिटं थांबे आणि उतरे. कोणी सेन्सर मुठीत धरून ठेवावा, तसा.

"काढून टाका ते," बायको सुचिता म्हणाली.

"महिना पुरा होऊ दे."

शेवटच्या दिवशी तो खांबाजवळ जाऊन उभा राहिला. सुचिता खिडकीतून आकडे ओरडून सांगू लागली.

"नऊ... वीस... अवो, चढून राहिला! कोन हाये तिथं?"

"कोनीच नाही!"

सेन्सर त्याच्या डोळ्यांसमोर होता. त्याच्या गार पांढऱ्या प्लॅस्टिकवर दव साचलं होतं. बघता बघता ते पाच ठिकाणी सुकलं. बोटं टेकावीत, तेवढंच.



"साडेछत्तीस," सुचिता ओरडली. पाच मिनिटांनी म्हणाली, "उतरला. नऊ."

त्यानं श्वास सोडला.

"पन अवो," तिचा आवाज एकदम बारीक झाला, "आता खालचा आकडा चढून राहिला. घरातला."