चतुर्दशीचे पान

ताट भिंतीवर आदळले आणि वरणाचा ओघळ थेट फरशीपर्यंत उतरला. पाळण्यातील स्वरदा दचकून रडू लागली.

"पाय ठेवायला जागा नाही या घरात!" नितेश ओरडला. "अण्णांचं भंगार कशाला जपून ठेवलंयस, आई? संध्याकाळी मी यायच्या आत सगळं साफ पाहिजे."

जाता जाता त्याने गार्गीचा दंड असा पिरगळला की तिच्या हातातील वाटी निसटली. मग दार आपटले.

नीलाबाईंनी सुनेकडे पाहिले नाही. ओल्या फडक्याने त्या भिंत पुसत राहिल्या. "त्याच्या वडिलांचा हात आहे तो," एवढेच म्हणाल्या. त्या शांतपणाचा गार्गीला मारापेक्षाही अधिक राग आला.

घर हलके करावे ही इच्छा मुळात तिचीच. लेकीचा जन्म झाला, तेव्हापासून बोरीवलीच्या त्या दोन खोल्यांत तिचा जीव गुदमरत होता. अडगळ जावी, पण पूर्वजांची स्मृती जाऊ नये, म्हणून तिने एक नेम ठरवला होता. प्रत्येक माणसाची एकच वस्तू ठेवायची आणि ती स्वरदासाठी पत्र्याच्या पेटीत जपायची. उरलेले सारे भंगारवाल्याला.

पणजीची फणी पेटीत गेली. गार्गीच्या वडिलांचा चष्मा गेला. मग सासऱ्यांचे, अण्णांचे कपाट उघडले.

"ही काठी, आई?"

"टाक. माझी बरगडी मोडली तिनं."

"पट्टा?"

"तोही टाक. वळ आहेत अजून पाठीवर."

"हा तांब्या तरी चांगला आहे."

"पोचा बघितलास का त्याचा? माझ्या कपाळाचा आहे."

भाजीचा भाव सांगावा अशा स्वरात नीलाबाई बोलत होत्या. गार्गीचा हात कपाटातच थबकला. "आणि नितेश?"

"दाराआडून बघायचा. बघून बघूनच शिकला."

"मग अण्णांचं ठेवायचं तरी काय?"

नीलाबाईंनी ओट्याखालून वरवंटा ओढून काढला. बारशाच्या दिवशी याच वरवंट्याला न्हाऊ घालून, कुंची घालून स्वरदाच्या शेजारी निजवले होते.

"अण्णा वाटण वाटायचे?" गार्गीने नवलाने विचारले.

"छे गं! जन्मात कधी हात लावला नाही त्याला. पण पाट्यावरची चटणी फार आवडायची. मला तरी ते याच्यावरूनच आठवतात."

"आणि गॅलरीतली कण्हेर? स्वरदा उद्या रांगायला लागेल, पानं तोंडात घालेल."

"काढू की. इतक्यात नको."

पितृपक्ष चालू होता. वस्तूंप्रमाणे विधीही आटोपशीर करावेत असे गार्गीने सुचवले. सगळ्यांचे एकदमच सर्वपित्री अमावास्येला करायचे.

"कर. माझे सासू, सासरे, सगळे अमावास्येला. यांचं तेवढं चतुर्दशीला राहू दे. दरवर्षी माझ्या हातानं पान मांडते मी."

"पण अण्णा पंचमीला गेले ना? जेवता जेवता हृदय बंद पडलं म्हणून?"

"हो. ताटावरच."

"मग चतुर्दशी का?"

"आहे आपली एक पद्धत. उद्याच आहे."

गार्गीने गुरुजींना दूरध्वनी लावला. त्यांनी उचलला नाही, म्हणून अण्णांच्या चतुर्दशीबद्दल निरोप लिहून पाठवला.

संध्याकाळी नितेश आला. स्वच्छ खोली पाहून तो क्षणभर थांबला आणि नंतर कपाटाकडे वळला. "अण्णांचा पट्टा कुठाय? तो कुणी टाकायला सांगितला?"

"तूच म्हणालास ना सगळं..."

वाक्य पुरे झाले नाही. पहिला फटका गार्गीच्या गालावर बसला. दुसरा हुकून पाळण्यावर आदळला. पाळण्याची कडी स्वरदाच्या भुवईवर लागली आणि रक्ताचा एक थेंब तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात उतरला.

"गप्प कर तिला," नितेश म्हणाला, "नाहीतर मी करतो कायमची."

"आई, तुम्ही तरी बोला ना काहीतरी!"

नीलाबाईंनी पदराच्या टोकाने तो थेंब टिपला. बराच वेळ त्या पदराकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "भुकेला असेल तो." आणि आत गेल्या. थोड्याच वेळात पाट्यावर वरवंटा फिरू लागला.

गरम भाकरी, लोण्याचा गोळा आणि चटणी. नितेशचा राग दोन घासांत उतरला. "झकास! किती वर्षांनी केलीस, आई."

"तुझ्या वडिलांनाही अशीच आवडायची. घे अजून."

सकाळपासून उपाशी असलेल्या गार्गीने वाटीकडे हात नेला. नीलाबाईंनी वाटी हळूच दूर सारली. "तू अंगावर पाजतेस. तुला नको हे तिखट."

मुलासाठी चटणी आणि सुनेसाठी साधा वरणभात! गार्गीच्या मनात त्या क्षणी निश्चय झाला. सकाळ होताच लेकीला घेऊन मुलुंडला, माहेरी निघून जायचे. या घरात आता कुणीच आपले नाही.

उजाडता उजाडता तिने पिशवी भरली. नितेश भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"झोपू दे त्याला," नीलाबाई दारातून म्हणाल्या. त्या न्हाऊन धूतवस्त्र नेसल्या होत्या. "आणि तुला आता घाई करायचं काही कारण नाही, बाळा."

एवढ्यात गुरुजींचा दूरध्वनी आला.

"काल फोन केला होतात ना? अहो, अण्णांचं चतुर्दशीला कसं करता? ती तिथी शस्त्रानं, विषानं, घातानं गेलेल्यांची. हृदयविकारानं गेलेल्या माणसाचं त्या दिवशी करत नसतात. नीलावहिनींची काहीतरी चूक होतेय. सांगा त्यांना."

"सांगते," गार्गी म्हणाली आणि गॅलरीत आली.

कुंडीतील कण्हेरीच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. घासून धुतलेला वरवंटा उन्हात वाळत होता. कठड्यावर कावळे येऊन बसले होते आणि त्यांच्यापुढे नीलाबाई केळीची पाने मांडीत होत्या. एक दरवर्षीचे, आणि त्याला लागूनच, तितक्याच निगुतीने पुसलेले, दुसरे.