जुळत नाही

"डॉक्टर, माझी किडनी दादाला जुळत नाही, एवढंच सांगा," सुहास अजिजीनं म्हणाला.

डॉ. मृणाल वर्तकांनी नकारार्थी मान हलवली. आयुष्यभर खपून त्यांनीच परकी किडनी शरीराला स्वीकारायला लावणारी लस शोधली होती. आता कुणाचीही किडनी कुणालाही चालायची. घाबरलेल्या नातेवाइकांना वाचवणारी जुनी सबब मात्र त्यामुळे कायमची संपली होती.

"खोटं मी बोलणार नाही. पण तुमच्यावर जबरदस्तीही होऊ देणार नाही. चला, मी सोबत येते."

दादा डायलिसिसवर होता.

"दादा, मला भीती वाटते रे. मी नाही देऊ शकत."

दादानं सुहासला जवळ बसवलं आणि डॉक्टरांना विचारलं, "कुणाचीही चालते ना? मग दुसरं कुणी देणारं शोधायचं का?"

"शोधायचंच," डॉक्टर म्हणाल्या.