हलू नका

कार्डात फोटो नव्हता.

सुगतनं कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला. कार्ड काढलं, शर्टाला पुसलं, परत घातलं. मयताच्या आदल्या दिवशी काढलेले साखरपुड्याचे फोटो दिसत होते. त्यापुढे काही नाही.

स्टुडिओत समोरच्या बाकावर धुरपताबाई आणि त्यांची सून सरिता बसल्या होत्या. सकाळच्या एसटीनं दोघी लाखांदूरला आल्या होत्या. रविवारी अतुलचं पुण्यानुमोदन, म्हणजे श्रद्धांजलीचा कार्यक्रम होता आणि हार घालायला त्याचा फोटो हवा होता.

अतुल धुरपताबाईंचा एकुलता मुलगा. फोटो काढायचा म्हटलं की तो हसून बाजूला व्हायचा. लग्नाचा अल्बम वाळवीनं खाल्ला. मतदान कार्डावरचा चेहरा तर कोणाचाही म्हणून खपला असता. म्हणूनच तो गेला त्या दुपारी सरितानं निरोप धाडून सुगतला गावात बोलावून घेतलं होतं.

वैशाखातलं ऊन होतं. तेंदूपत्ता तोडायला गेलेला अतुल जंगलातच कोसळला. बैलबंडीवर घालून त्याला घरी आणलं. शेजारच्या गावच्या डॉक्टरानं मनगट धरून पाहिलं आणि मान हलवली. सरिता म्हणाली, मोठ्या दवाखान्यात नेऊ. अतुलचा काका डोमा म्हणाला, आता नेऊन काय करतेस, तिथं चिरफाड करतील. शिवाय असल्या उन्हात फार वेळ ठेवता यायचं नाही. चार लोकांनी माना डोलावल्या.

सुगत पोचला तेव्हा अंगणात सगळी तयारी झाली होती. त्यानं अतुलच्या डोक्याखाली उशी द्यायला लावली, चेहरा नीट यावा म्हणून. आईला उशाशी बसवलं, बायकोला पायाशी. काका आणि शेजारी मागे उभे राहिले. कॅमेरा तिपाईवर लावून त्यानं नेहमीप्रमाणे सांगितलं, हलू नका, रडू नका, सगळे इकडे पाहा. त्या घरानं तेवढ्यापुरतं रडणंही थांबवलं.

कॅमेरा नवा होता. जुन्यातून फक्त फोटो निघायचे. लग्नाची गिऱ्हाइकं शूटिंगही मागायला लागली, तेव्हा त्यानं दोन्ही करणारा घेतला. हात अजून बसला नव्हता. त्या दुपारी बटण दाबलं तर खटका ऐकू आला नाही. उन्हामुळे मागच्या पडद्यावरही काही दिसेना. मान खाली घालून तो बटणं चाचपत राहिला. पुन्हा एकदा दाबलं. मागून डोमा म्हणाला, आटप. फोटो निघाला असेल असं समजून सुगत बाजूला झाला आणि लोकांनी अतुलला उचललं. दिवस मावळायच्या आत चुलबंद नदीच्या काठी सगळं उरकलं होतं.

आता बाकावरून सरितानं विचारलं, काही अडचण आहे का.

सुगतला खोटं बोलता आलं नाही. फोटो आलाच नाही, असं त्यानं सांगितलं. चूक आपलीच, हेही सांगितलं.

सरिता भिंतीवरच्या नवरा-नवरींच्या फोटोंकडे बघत राहिली. धुरपताबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बापू, आताच मले त्याचं तोंड नीट आठवत नाई. रोज जरासं जाऊन राह्यलं. मंग मी कोठं पाहू?"

सुगत उठला आणि त्यानं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. आशा नव्हती, पण त्या बाईसमोर नुसतं बसवत नव्हतं. फोटोंच्या फोल्डरशेजारी व्हिडिओचा एक फोल्डर होता. त्यात एकच फाईल होती. त्यानं उघडली. अंगण दिसलं, खाट दिसली, खाटेवर अतुल.

कॅमेऱ्याची चकती शूटिंगवर सरकलेली होती. पहिल्यांदा बटण दाबल्यावर शूटिंग सुरू झालं आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर थांबलं.

त्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं दोघींना सांगितलं की काळजी करू नका, यातलं हवं ते चित्र थांबवून त्याचा फोटो करता येतो. चेहरा तेवढा कापून मोठा करू. डोळे मिटलेले आहेत, पण ते कॉम्प्युटरवर उघडे बनवता येतात. तालुक्यात कितीतरी घरांत त्यानं बनवलेल्या डोळ्यांचे फोटो लागले आहेत. सरिता म्हणाली, बनवा मग. बोलताना पहिल्यांदाच तिचा आवाज जरा मोकळा झाला.

धुरपताबाईंनी स्टूल पडद्याजवळ ओढून घेतलं. सुगत एकेक चित्र पुढे सरकवू लागला. सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते, सांगितल्यासारखे, दगडासारखे. खाटेखालून एक कोंबडी गेली. सुरुवातीच्या चित्रांत कपाळावर ऊन फार होतं. मग ढगाची सावली आली आणि चेहरा स्वच्छ दिसू लागला. सुगत उजेड बघत होता, कुठला तुकडा कापायचा ते ठरवत होता. सरिता डोळे पुसत मागे उभी होती.

"थांब," धुरपताबाई म्हणाल्या.

पडद्यावर त्या स्वतः उशाशी बसलेल्या होत्या, हात मांडीवर, नजर समोर. त्यांनी बोट पुढे केलं आणि पोराच्या चेहऱ्यावर ठेवलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर समाधान दिसलं.

"डोये बनवू नोको, बापू. हाच दे. याच्यात उघडेच हायेत. तो माह्याकडे पाहून राह्यला."